उरलेला भात कोणाच्या पानात?

खाऊन माजावे, पण टाकून माजू नये, ही म्हण ज्याच्या कानावरून गेली नाही असा मराठी तरुण शोधूनही सापडावयाचा नाही. ताटात दोन घास राहिले की आजी ती म्हणते, आजीच्या मागून आई म्हणते, आणि मुलगा मान हलवून हात धुवावयास उठतो. ताट मोरीकडे जाते. म्हण खोटी नाही. परंतु रोज उगाळलेल्या बोधाची कानांस सवय होते आणि पुढे पुढे तो ऐकूच येईनासा होतो. तेव्हा, श्रोतेहो, तरुणांनी अन्न टाकू नये हे पुन्हा एकवार सांगण्यापेक्षा, जे तरुण खरोखरीच ते टाकीत नाहीत त्यांस तसे करावयास कोणती गोष्ट लावते, याचा शोध घेणे अधिक उपयोगाचे.

या शोधासाठी ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांइतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल. आसनगाव स्टेशनाभोवती चाळी आणि इमारती वाढल्या आहेत. तेथील तरुण पहाटेच्या लोकलने कल्याण, ठाणे, मुंबई गाठतात. माळशेज घाटाखाली कुणब्यांची गावे आहेत, आणि डोंगराच्या कुशीत ठाकर-कातकऱ्यांचे पाडे, जेथे टोपात भात उरणे हाच अपवाद. मुरबाडास आगगाडी नाही, एस.टी. आहे आणि औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यात पाळीवर जाणारा मुलगा आणि खाचरात राबणारा त्याचा बाप एकाच चुलीवरचे अन्न खातात. जुने घर आणि नवे घर येथे शेजारी शेजारी पाहावयास मिळते.

जुन्या घरात अन्न वाया जात नसे, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. ते खरे आहे. पण त्याचे सारे श्रेय सद्गुणांस देता यावयाचे नाही. त्या घरास गोठा होता. तांदळाचे धुवण गाईपुढे जाई, खरकटे कोंबड्या वेचीत, करपलेली भाकरी राखणीच्या कुत्र्याच्या वाट्यास येई. रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवले की सकाळी शेतावर जाणाऱ्याची न्याहारी होई, आणि नाचणीच्या भाकरीचे तुकडे ताकात भिजत. जे उरले ते वाया गेले असा त्या घराचा हिशेबच नव्हता, आणि म्हणूनच गृहिणीचा हात सैल होता. माणसागणिक मूठ, आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी वर एक मूठ. पुढे तेच कुटुंब शहापुरातील दोन खोल्यांच्या जागेत राहावयास आले. गोठा गावी राहिला, कोंबड्या राहिल्या, कुत्रा राहिला. वरची मूठ मात्र बरोबर आली. ती आता सकाळी घंटागाडीत पडते. यास उधळेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. एका चांगल्या रीतीचा अर्धा भाग गळून पडला आणि अर्धा तेवढा शिल्लक राहिला, इतकेच घडले आहे.

या वरच्या मुठीत माया आहे आणि थोडा मानही आहे. पानावर बसलेल्यास कमी पडले, यासारखी लाज गृहिणीस दुसरी नाही. ही केवळ इकडचीच गोष्ट समजू नये. ब्रिटनमधील १५ घरांतील माणसांशी सविस्तर बोलून केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. पैसा फुकट जातो ही हळहळ, आणि योग्य असेल तेच करावे ही इच्छा, या दोन गोष्टी त्या माणसांस अन्न जपावयास लावीत. पण घरच्यांस भरपूर आणि चांगलेचुंगले खाऊ घालणारे म्हणवून घेण्याची हौस तिच्या आड येई. सातासमुद्रांपलीकडील त्या स्वयंपाकघरात आणि शहापूरच्या स्वयंपाकघरात या बाबतीत फारसे अंतर नाही.

मात्र आईचा हात सैल म्हणून भात उरतो, असे म्हणून तरुणांस सुटून जाता येणार नाही. मुलगा सकाळी न सांगता जातो. संध्याकाळी ठाण्यास मित्र भेटतात, फलाटावर वडापाव होतो, आणि रात्री दहाच्या सुमारास घरी येऊन तो म्हणतो, "भूक नाही." झाकून ठेवलेले ताट तसेच उचलले जाते. घरातील अन्न नासण्याची जितकी कारणे विद्वानांनी शोधली असतील, त्यांत या दोन शब्दांस वरचा क्रमांक द्यावयास हरकत नाही. खिशात दूरध्वनी बाळगणाऱ्या पिढीने संध्याकाळी सहापूर्वी घरी एक निरोप धाडला, तर कित्येक घरांतील अर्धा प्रश्न तेथेच मिटेल. पण हा निरोप धाडावा असे त्याच्या मनात यावे कशाने?

आकड्यांनी येईल, असे पुष्कळांस वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील ६० टक्के घराघरांतून गेले. भारतीय घरांतून दर माणशी वर्षास ५५ किलो, असा त्यात अंदाज आहे. साली, बिया, हाडे असे न खाण्याजोगे भागही या आकड्यांत धरलेले आहेत, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. शिवाय सरासरी ही मोठी फसवी बाई आहे. डोंगरपाड्यावरील कातकऱ्याचे पोर आणि मुंबईतील मेजवानी ती एकाच तराजूत घालते. उकिरड्यावर कुजणाऱ्या अन्नातून मिथेन वायू निघतो आणि हवा अधिक तापते, हेही विद्यार्थ्यांस ठाऊक असते. परीक्षेत ते त्यावर चांगले उत्तर लिहितात. पाठ्यपुस्तक आणि जेवणाचे ताट यांच्यामधील वाट मात्र फार लांबची आहे.

मग दया जागवावी म्हणतात. दयेस कारणे तर पुष्कळच आहेत. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात आदिवासी बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा जव्हार ठाणे जिल्ह्यातच होते. पालघर जिल्हा निराळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. दिवाळी उरकली की शहापूर-मुरबाडची कातकरी कुटुंबे आजही आगाऊ उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, आणि मुलांची शाळा मागे राहते. हे ऐकून तरुणाचे मन हलते, नाही असे नाही. पण तो विचारतो, "मी हा घास संपविला म्हणून तिकडच्या पोराच्या तोंडात काय पडणार?" प्रश्न उद्धट वाटला तरी खोटा नाही. आपण खाल्लेल्या घासाने दुसऱ्याचे पोट भरत नाही. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, आणि त्यास घरोघर मान मिळाला. कारण तेथे प्रत्येकास देण्याजोगे काही तरी होते, आणि मागणारा माणूस स्वतः साधेपणाने राहणारा होता. नुसत्या रागावण्याने ते झाले नसते.

शहापूर-मुरबाडकडील तरुणांत पाहू गेले, तर अन्न जपणारे बहुधा दोन प्रकारचे आढळतात. पहिला प्रकार ज्यांच्या हातास चिखल लागला आहे त्यांचा. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा आणि डहाळ्या पसरून राब भाजावयाचा, मृगात त्यावर पेरावयाचे, आणि आषाढात कमरेत वाकून दिवसभर आवणी करावयाची. कॉलेजात जाणारी मुलेही त्या दिवसांत गावी बोलावली जातात. पुढे कापलेले भात खाचरात पडलेले असता परतीचा पाऊस येतो. भिजलेल्या पेंढ्या काळोखात उचलून आणणे आणि त्यांतील दाण्यास मोड येऊ नये म्हणून घरभर पसरणे, हे ज्या मुलाने एकदा केले आहे, त्याच्या ताटात भात राहत नाही. त्यास कोणी म्हण ऐकवीत नाही. तीच गोष्ट पाण्याची. ज्या शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा जलाशय मुंबईची तहान भागवितात, त्याच तालुक्यातील कित्येक पाडे वैशाखात टँकरची वाट पाहत बसतात. अशा पाड्यावर डोक्यावरून हंडे आणणारी मुलगी भाताचे आधण ठेवते, तेव्हा तिला मोजमाप शिकवावे लागत नाही.

दुसरा प्रकार याहून वेगळा आहे, आणि शहरातील श्रोत्यांस तो अधिक जवळचा वाटेल. शेत नसलेल्या घरांतही काही मुले, आणि विशेषतः मुली, एकाएकी अन्नाविषयी जागरूक झालेल्या दिसतात. त्याचे कारण बहुधा असे असते की, उरलेले अन्न कोठे जाते हे त्यांनी एके दिवशी नीट पाहिलेले असते. सगळेच घंटागाडीत जात नाही. पुष्कळसे आईच्या पानात जाते. सर्वांस ताजे वाढून झाल्यावर ती बसते आणि कालचा भात, सकाळची कडक झालेली भाकरी, मुलाने "भूक नाही" म्हणून सोडलेली भाजी, असे तिचे जेवण होते. पूर्वी सासुरवाशिणीच्या नशिबी शिळेपाके असे, हे सर्वांस ठाऊक आहे. ती चाल मोडली असे समजून सर्वजण स्वस्थ आहेत. प्रत्यक्षात ज्या घरात काही टाकले जात नाही असे अभिमानाने सांगितले जाते, त्या घरात कित्येकदा एकच बाई ते सारे मुकाट्याने खात असते. मुलीच्या हे लक्षात आले, की मग तिला मिथेन वायूची गोष्ट सांगावी लागत नाही. ती प्रथम आईच्या पानातील कालची भाकरी उचलून स्वतःच्या पानात घेते. दुसऱ्या दिवशी पीठच बेताचे मळते.

अशी मुलगी, आणि हल्ली क्वचित मुलगाही, स्वयंपाकघरात शिरला की शिळे या शब्दाची अढी आपोआप जाते. भाताला मोहरी-मिरचीची फोडणी बसते, पोळीचा गूळ-तूप घालून लाडू होतो, उरलेली आमटी थालीपिठाच्या पिठात जाते. मात्र येथे एक सावधगिरी हवी. उकाड्यात तासन् तास उघडा राहिलेला भात पुन्हा गरम केला तरी सोसेलच असे नाही. त्यात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष उष्णतेने जात नाही. भात उरणार असे दिसताच तो निववून लवकर थंड जागी ठेवावा. आंबूस वास येणारे अन्न काटकसरीच्या नावाखाली पोटात ढकलणे आणि मग डॉक्टरचे घर पाहणे, यात बचत कसली?

मापाचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जुन्या घरांत चिपटे, मापटे, शेर यांनी धान्य मोजले जाई, आणि किती माणसांस किती माप हे घरातील पोरासोरांसही तोंडपाठ असे. ती मापे माळ्यावर गेली. तांदूळ आता डब्यात हात घालून अंदाजाने काढतात. ज्या तरुणांनी नोकरीसाठी कल्याण-डोंबिवलीस चौघांत खोली घेतली आहे, त्यांनी मात्र न सांगता पुन्हा एक वाटी ठरविलेली आढळते, कारण तांदळाचे पैसे चौघांच्या खिशांतून जातात आणि भांडी पाळीने घासावी लागतात. हीच मुले सणावारी घरी आली की पुन्हा ताटात टाकतात, हा यातील विनोद. घरची भांडी दुसरेच कोणी घासते ना!

असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. शहापुरातील दोन खोल्या, चार माणसे. संध्याकाळी साडेपाचास मुलाचा निरोप येतो की, आज जेवावयास नाही. मुलगी तीन वाट्या तांदूळ मोजून धुवावयास घेते. आई बाहेरून येते, भांड्यात डोकावते आणि काही न बोलता डब्यातून एक मूठ वर टाकते; न जाणो, गावाकडून कोणी आले तर? मुलगी ते पाहते आणि गप्प राहते. त्या रात्री कोणी येत नाही. सकाळी आई उठण्यापूर्वी मुलगी कांदा चिरून त्या भातास फोडणी देते, ओट्यावर चार ताटल्या मांडते आणि चारींत सारखा वाढते. भाऊ पेंगुळल्या डोळ्यांनी विचारतो, "कालचा?" ती म्हणते, "हो, तुझ्या वाटचाही आहे." तो कामाची पिशवी बाजूस ठेवतो आणि ताटली पुढे ओढतो.