कामाची जागा कोणी ठरवायची?



अमळनेरची प्रताप मिल १९०६ साली उभी राहिली. भोंगा झाला की कामगार घराबाहेर पडे. जाणे भागच होते. कारण इंजिन तेथे, मागही तेथे. माग काही घरी नेता येत नव्हता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि पुण्याच्या हिंजवडीत संगणकावर काम करणारी आमची खानदेशी मुले जळगाव-धुळ्यास परतली. त्यांचे यंत्र पिशवीतच होते. माडीवरच्या खोलीत बसून त्यांनी परदेशच्या गिऱ्हाइकांची कामे उरकली. खोलीभाडे वाचले, आईबापांच्या औषधपाण्याकडे लक्ष राहिले. त्याच भरवशावर कोणी घराचे कर्ज काढले, कोणी लग्न ठरविले.

मग बोलावणी सुरू झाली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १ ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत यावयास सांगितले. इतर कंपन्यांनीही कमीअधिक दिवस नेमून दिले. मुले चिडली. लोक म्हणाले, आळशी झाली. पण हिशेब मांडून पाहा. पगार तोच, भाडे, खाणावळ आणि प्रवास मात्र वाढले. नाव काहीही द्या, ही वेतनकपातच झाली.

मालकांचे म्हणणे आम्ही उडवून लावीत नाही. नवखा मुलगा शेजारच्याचे पाहून शिकतो, हे मागावरही खरे होते. शिवाय घरचे काम रात्री अकरालाही संपत नाही, आणि घरी बसलेल्या सुनेला तर दोन्हीकडची चाकरी पडते. तेव्हा घर चांगले की कचेरी, हा आमचा वाद नाही. एकट्याने ठरवावे आणि दुसऱ्याने भुर्दंड सोसावा, हे आम्हांस मान्य नाही.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, नोकरीच्या ठराविक शर्ती बदलण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस देण्याचे बंधन होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हे तत्त्व आहे. संगणकावरचा नोकर त्यात 'कामगार' ठरतो की नाही, यावर मात्र वाद घातला जातो. एकटादुकटा माणूस हा वाद कसा लढणार?

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली, ती कोणाच्या दयेने नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून कामगारांना एकत्र करीत होते. गिरणीच्या दरवाजाशी माणसे एकमेकांना भेटत. आजचे बोलावणे प्रत्येकाच्या पडद्यावर वेगवेगळे येते आणि प्रत्येकाला वाटते, ही अडचण माझ्या एकट्याचीच.

म्हणून सभागृहातल्या आईबापांना आमची विनंती आहे. मुलगा कुरकुरला तर "नोकरी आहे ना, मग गप्प बस" असे म्हणू नका. "तुझ्याबरोबरचे काय म्हणतात?" एवढे विचारा. संघटनेची सुरुवात याच प्रश्नाने होते.