मूठभर मंडळी

श्रोतेहो, आज तुम्हाला जरा वेंगुर्ल्याला नेतो. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला. तोवर वेंगुर्लं आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. तिथं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल होतं आणि तिथले डॉक्टर होते रॉबर्ट गोहीन. त्यांचा मुलगा १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यातच जन्मला. त्याचंही नाव रॉबर्टच. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा भारतातला राजदूत. आहे की नाही सांगण्यासारखी गोष्ट? पण आमच्या घरात नाव निघायचं ते स्वयंपाकघरातल्या एका बाईचं.

माझे अब्बा त्याच दवाखान्यात जन्मले. पावसाळ्याचे दिवस, बोटी बंद, दादी अडलेली. बैलगाडीत घालून नेली. "तिथं गेलं की बाटवतात," म्हणून घरच्यांनी आधीच एक रात्र घालवली होती. शुद्धीवर आल्यावर दादी काही खाईना. चर्चमधली ती बाई म्हणाली, "तुझ्या घरचा तांदूळ दे, तुझंच भांडं दे, पेज मी शिजवते." आठवडाभर तिनं ते भांडं वेगळं ठेवलं. रोज संध्याकाळी खाटेशी उभी राहून ती तिची प्रार्थना करी, दादी आपली दुवा मागे. मिशनला धर्म सांगायचा नव्हता, असं मी म्हणणार नाही. सांगायचाच होता. पण पेजेच्या बदल्यात दादीकडे कुणी काही मागितलं नाही.

हे मी लहानपणापासून ऐकत आलो. तरी वेळ आली तेव्हा फाटकाबाहेरच उभा राहिलो.

आमच्या शेजारी एक निवृत्त सिस्टर राहायच्या. रात्री-अपरात्री कुणाच्याही दारात इंजेक्शनची डबी घेऊन हजर. त्या गेल्या. चर्चची मंडळी आधीच मूठभर, त्यात निम्मी म्हातारी. दफनभूमीची चढण अवघड. पाळक माणसं मोजत होते. आणि मी कवी, सर्वधर्मसमभावावर कविता वाचलेला, बाहेर विचार करतोय की आत गेलं तर चालेल का! कुणाला चालेल, तेही मला ठाऊक नव्हतं. एवढ्यात आमच्या जमातीतला एक रिक्षावाला रिक्षा आडवी लावून सरळ आत शिरला आणि त्यानं पेटीखाली खांदा दिला. मग मी गेलो.

चढणीवर तीनदा खांदे बदलले. परतताना पाळकांनी माझं नाव विचारलं, मोहल्ला विचारला. मग म्हणाले, "बरं झालं भेटलात. सिस्टरांच्या वहीत तुमच्याकडची दोन नावं आहेत. पट्टी बदलायची राहिलीय."

वही घेऊन आम्ही दोघं रिक्षात बसलो.