‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नक्की कुठे?

कुणी एसटीत बसून ऐकत असाल, कुणी मळ्यात पाणी भरता भरता. आजचा भाग खास तुमच्यासाठी आहे, कारण घरात ज्याच्या हातात चांगला फोन, त्यालाच मार्च-एप्रिलमध्ये एक प्रश्न रोज विचारला जातो. आमच्याकडे दादा, म्हणजे माझे वडील, संध्याकाळी ओट्यावर बसले की विचारतात, “काय गं, काय म्हणतंय हवामान?”

आधी पाडव्याला पंचांग वाचून घ्यायचे, यंदा पाऊसपाणी कसं. आता ते वाचन आपल्याकडे आलंय. आणि मी ते चुकीचं वाचलं होतं. एकदा नाही, दोनदा. तीच गोष्ट आज सांगते.

आमचं गाव निफाड तालुक्यात. दोन एकर उन्हाळ कांदा. हा कांदा डिसेंबर-जानेवारीत लावायचा आणि मार्च-एप्रिलमध्ये काढायचा. साधारण निम्म्या माना पडल्या की कांदा काढणीला आला असं समजायचं. काढल्यावर तीन-चार दिवस पातीसकट शेतातच सुकवायचा, मग पात कापून चाळीत भरायचा. नीट सुकलेला कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. म्हणजे वर्षभराचा पैसा त्या तीन-चार दिवसांत उघड्यावर पडलेला असतो.

पहिल्या वर्षी मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज आला. ‘पुढचे पाच दिवस भयंकर गारपीट, शेतकरी बांधवांनो सावध!’ खाली तारीख नाही, कुणी सांगितलं ते नाही. मी घाबरून दादांना दाखवला. दादांनी जास्तीची मजुरी देऊन दोन दिवसांत सगळा कांदा काढून घेतला. माना अजून हिरव्या, जाड होत्या. पाच दिवस लख्ख ऊन पडलं. एक थेंब आला नाही. आणि तो अर्धाकच्चा कांदा आषाढ लागेपर्यंत चाळीत निम्मा सडला.

दुसऱ्या वर्षी हवामान खात्याचा खरा इशारा आला. नाशिक जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट. कांदा काढून शेतात पसरलेला. मी सांगितलं, तर दादा म्हणाले, “मागं बी असंच सांगितलं होतं.” मला पुढे बोलता आलं नाही, कारण मागं सांगणारी मीच होते. दुपारी चारला पश्चिमेकडून काळं आलं. वीस मिनिटं पाऊस, मध्ये गारा. शेजारच्या काकांनी सकाळीच कांदा गोळा करून ताडपत्री टाकली होती. आमचा सगळा भिजला.

आम्ही अंदाज चुकला म्हणून बुडालो नाही. खोटा मेसेज खरा मानला आणि त्यामुळे खरा इशारा खोटा वाटला. म्हणून त्यानंतर मी अंदाज वाचायला शिकले. जे कळलं ते असं.

आधी या दिवसांची गंमत समजून घ्या. फाल्गुन-चैत्रात जमीन तापते. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ आला की वरच्या थरात थंड हवा येते. त्यात अरबी समुद्राकडून किंवा बंगालच्या उपसागराकडून बाष्प आलं की दुपारनंतर ढग उभे वाढतात. मोसमी पावसाची यंत्रणा शेकडो किलोमीटर पसरलेली असते, ती आधीपासून दिसते. गारांचा ढग मात्र काही किलोमीटरचाच, आणि तासाभरात उभा राहून मोकळा होणारा. म्हणून ‘परवा जिल्ह्यात वादळी पावसाला पोषक हवामान आहे’ हे आधी सांगता येतं. ‘परवा चार वाजता तुमच्या गट नंबरवर गारा पडतील’ हे कुणालाच सांगता येत नाही. जो सांगतो, त्याच्यापासून लांब राहा.

आता शब्द. अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ असं येतं, आणि आपण म्हणतो, “म्हणजे थोडासाच पाऊस.” चूक! ‘तुरळक’ हे पावसाच्या जोराबद्दल नाही, जागेबद्दल आहे. त्या भागातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के ठिकाणी, असा त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हटलं की पंचवीस ते पन्नास टक्के. म्हणजे ‘तुरळक ठिकाणी गारपीट’ असेल, तर चारपैकी तीन गावांत काहीच होणार नाही आणि ते म्हणतील अंदाज चुकला. चौथ्या गावाचं मात्र होत्याचं नव्हतं होईल. आपण चौथे असू की नाही, हे आदल्या दिवशी कळत नाही.

मग रंग. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. ऑरेंज म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे कृती करा. हा रंग फक्त पाऊस किती याच्यावर ठरत नाही. घटना घडण्याची शक्यता किती आणि घडली तर नुकसान किती, दोन्ही बघून ठरतो.

तिसरी गोष्ट वेळेची. मी तीन टप्प्यांत बघते. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि पिकाप्रमाणे काय करायचं ते त्यात असतं. राहुरी, परभणी, अकोला, दापोली, आपल्या चारही कृषी विद्यापीठांतली माणसं या कामात आहेत. ‘मेघदूत’ अ‍ॅपवर तो मराठीत वाचता येतो. काढणी कधी धरायची हे त्यावर ठरतं. मग रोज सकाळी जिल्ह्याचा इशारा. आणि दुपारनंतर तात्काळ अंदाज, जो फक्त पुढच्या तीन तासांचा असतो. रडारवर ढग दिसायला लागल्यावर दिलेला, म्हणून तो सगळ्यात नेमका. विजेसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप आहे, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने केलेलं.

आता खरा प्रश्न. इशारा आला, करायचं काय? दादा आणि मी मिळून एक साधा नियम केलाय. जे काम स्वस्त आहे आणि चुकलं तरी अंगाशी येत नाही, ते पिवळ्यालाच करायचं. ताडपत्री काढून बघायची, फाटली असेल तर आत्ताच दुसरी आणायची. पाऊस आला तर पाणी कुठून निघेल ते चर बघायचे. नवीन कांदा उपटायला घ्यायचा नाही. ऑरेंजला सुकत टाकलेला कांदा गोळा करून उंचवट्यावर ढीग लावायचा, झाकायचा. फार तर एका दिवसाची मजुरी जाईल. पण पाऊस सरला की ताडपत्री लगेच काढा, नाहीतर कांदा आत घामेजतो. आणि कच्चा कांदा मात्र मेसेज बघून काढायचा नाही. कारण ते परत फिरवता येत नाही.

तात्काळ अंदाजात वीज असेल किंवा आभाळ गडगडायला लागलं, तर कांदा राहू दे. झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात या. ताडपत्री ओढायला शेवटचा माणूस कोण थांबतो, माहितीये ना? बहुतेक वेळा आईच.

एवढं केलं म्हणजे नुकसान होणारच नाही, असं मी म्हणणार नाही. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्रात गारा पडत राहिल्या. उभा गहू, हरभरा, द्राक्षबागा झोपल्या. उभ्या पिकावर कुणी ताडपत्री टाकू शकत नाही. पण काढलेला माल वाचवता येतो, जनावरं आत बांधता येतात, माणसं घरी आणता येतात. अंदाजाचा उपयोग तेवढा, आणि तेवढा थोडा नाही.

म्हणून एक विनंती. पुढचा हवामानाचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा. तारीख कोणती, जिल्हा कोणता, सांगितलं कुणी. एक जरी नसेल तर तो तुमच्या फोनवरच मरू दे. कारण तुमचा एक खोटा मेसेज पुढच्या खऱ्या इशाऱ्याची किंमत घालवतो.

यंदा दादा वेगळंच विचारतात. “पाऊस आहे का?” असं नाही. “रंग कोणता, कधीपर्यंत, आणि तुरळक का काही ठिकाणी?” कालच पिवळा होता. आम्ही ताडपत्री काढून ठेवली. पाऊस आला नाही. दादांनी ती घडी घालून परत ठेवली आणि म्हणाले, “बरं झालं नाही आला.” अंदाज चुकला, असं काही म्हणाले नाहीत.

तुमच्याकडे कांदा आहे, आंबा आहे, हळद आहे? इशारा आला की तुम्ही पहिलं काम कोणतं करता, ते मला नक्की कळवा. आणि आज संध्याकाळी घरी कुणी विचारायच्या आत तुम्हीच सांगा, हवामान काय म्हणतंय. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!