कारणे द्या

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून निदान दहा जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय, "काय गं, तू दापोलीला राहायला जाणार होतीस ना? काय झालं?" माइक हातात आहे तोवर सगळ्यांना एकदाच सांगून टाकते.

या वेडाची सुरुवात आपल्या शाळेनंच केली. नववीतली सहल आठवते? एसटीचा लाल डबा, दापोली, हर्णै, होडीतून सुवर्णदुर्ग. परतताना घाटात अर्धी बस ओकत होती आणि मी खिडकीशी बसून ठरवत होते, मोठी झाले की इथंच राहायचं. पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न, मुलगी. पण गेली 15 वर्षं दर डिसेंबरात चार दिवस आम्ही तिथं जातोच, एकाच काकूंच्या घरी. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, संध्याकाळी हर्णै बंदरावरचा माशांचा लिलाव आणि काकूंच्या हातचे उकडीचे मोदक.

2020 मध्ये घरून काम सुरू झालं आणि स्वप्नाला पाय फुटले. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. काकूंच्या वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या. त्या फोनवर रडल्या, मी "काळजी घ्या" म्हटलं. पण या वादळाचा माझ्या स्वप्नाशी काही संबंध असेल, असं मनातही आलं नाही.

पुढे जागा बघणं सुरू झालं. आम्ही सातबाराचे शेतकरी नाही, म्हणजे बिगरशेती प्लॉटच हवा. एक पसंत पडला. पाच गुंठे, मागे आमराई, थोडं चढावर गेलं की समुद्राची निळी रेघ. पुण्यातला फ्लॅट विकायचा, मुलीची बारावी झाली की निघायचं, बाबांनाही न्यायचं. फक्त टोकन द्यायचं राहिलं होतं. तेव्हा काकू म्हणाल्या, "घे हो. पण आधी एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत येऊन राहा. डिसेंबरात काय, सगळेच आमच्या प्रेमात असतात."

मे महिन्यात गेलो. प्लॉटच्या विहिरीत तळाशी हातभर पाणी. वाडीत टँकर आलेला. विहिरीच्या काठावर उभी होते आणि एकदम भूगोलाच्या बाईंचा आवाज कानात आला, "कोकणात भरपूर पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाणीटंचाई जाणवते. कारणे द्या." बाई, या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते! तीव्र उतार, आखूड नद्या, सच्छिद्र जांभा खडक, सगळं पाठ. पुढे मी प्रोग्रॅममधले दोष शोधण्याचा पगार घेत आले, पण स्वतःचं आयुष्य हलवताना विहिरीत डोकावलं नव्हतं.

जुलैत महिनाभर राहिलो. दापोलीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो हेही पाठ होतं. आता अंगावर आलं. कपडे वाळेनात, पुस्तकांना बुरशी. वीज गेली की इंटरनेट गेलं, मीटिंगमध्ये मी अर्ध्या वाक्यात गायब. खिडकीतून झड यायची म्हणून टेबल भिंतीकडे सरकवलं. समुद्राच्या गावात येऊन रोज नऊ तास मी भिंत बघत होते. 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे बंदरही सुनं.

एका रात्री बाबांना धाप लागली. वीज नव्हती. काकूंच्या पुतण्यानं गाडी काढली. दापोलीतल्या डॉक्टरांनी झोपेतून उठून तपासलं, औषध दिलं, उतार पडला. पण पुढच्या तपासण्या पुण्याला करा म्हणाले, आणि घाटात दरड आलेली. रस्ता मोकळा होईपर्यंत मी बाकावर बाबांचा हात धरून बसले होते. बाबा हळूच म्हणाले, "तुला यायचं असेल तर मी येईन. पण संध्याकाळी कट्ट्यावर भांडायला मला माझी चार माणसं लागतात गं." घर कुठं हवं, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

आम्ही प्लॉट घेतला नाही. वाईट वाटलं का? खूप. परतताना पुण्यापर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

नंतर कळलं, मला दापोली जेवढी हवी होती त्याहून जास्त रात्री अकराचे कॉल नको होते. ते तर तिथंही आलेच असते. मग ऑफिसात टीम बदलून घेतली. बढती गेली, संध्याकाळ मिळाली.

बाहेरून जाऊन तिथं छान रमलेली माणसंही मला भेटली. ती आधी दोन पावसाळे भाड्यानं राहिलेली होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनातही असं एखादं गाव असेल. जरूर जा. फक्त त्याचा सगळ्यात वाईट महिना आधी बघा, आणि सोबत येणाऱ्यांना नीट विचारा.

आम्ही आता डिसेंबरात जातो आणि जुलैतही. काकूंचे दोन्ही मुलगे मुंबईत असतात. पावसात कुणी आलं की त्यांना बरं वाटतं.

बाई, कारणे दिली आहेत. मार्क तुम्ही द्या.