द्रष्ट्यांचा वारसा आणि लोकरंजनाचे दायित्व



द्रष्ट्या संत-प्रेषितांचा अर्वाचीन लोकरंजनावर कोणता प्रभाव पडला, याचा विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेत स्वागतसमितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. ज्या दिल्लीत १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या आणि पुढे २०२५ साली डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली, त्या नगरीत मराठी विचारासाठी पुन्हा एकदा आसन मांडण्याचा मान आम्हांस लाभला, याचा आम्हांला मनस्वी आनंद होतो.

प्रस्तुत विषयाला ही राजधानी सर्वथा अनुरूप आहे. बंगला साहिब अथवा सीसगंज गुरुद्वारात ज्या गुरू ग्रंथ साहिबाचे कीर्तन नित्य चालते, त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. पंढरीच्या वाळवंटात कीर्तन करणाऱ्या या शिंप्याची वाणी पंजाबातील घुमानमार्गे साऱ्या उत्तर हिंदुस्थानात रुजली, आणि आज दूरदर्शन संचाच्या व मोबाईलच्या पडद्यावरून ती घरोघर पोहोचते. येथून जवळच, निजामुद्दीन औलिया आणि त्यांचा शिष्य अमीर खुसरो १३२५ साली निवर्तल्यावर ज्या आवारात विसावले, त्या दर्ग्यात कव्वालीची परंपरा आजही अखंड आहे. आणि २०११ सालच्या ‘रॉकस्टार’ या चित्रपटाने तेच आवार एका गीतातून नव्या पिढीच्या ओळखीचे केले. द्रष्ट्याचा मुलूख त्याच्या निधनानंतर वाढत जातो, आणि तो वाढविणारे गायक, नट व चित्रकार हेच त्याचे खरे कारभारी ठरतात.

महाराष्ट्रापुरते पाहता या कारभाराची अव्वल साक्ष प्रभात फिल्म कंपनीच्या दफ्तरी आहे. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ साली प्रदर्शित झाला, मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. त्यात तुकारामांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस यांची मुद्रा हीच तुकोबांची मुद्रा, असे असंख्य घरांनी मानले. इतकेच नव्हे, तर शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी रचलेले एक पद प्रत्यक्ष तुकोबांचाच अभंग म्हणून लोकांच्या मुखी बसले. कवीच्या प्रतिभेला याहून मोठी पावती कोणती मिळावी? तथापि, लोकरंजन संताला केवळ चेहराच देते असे नाही, त्याच्या मुखी शब्दही घालू शकते, ही गोष्ट विचारवंतांनी नजरेआड करता कामा नये.

तुकोबांविषयी परंपरेने इंद्रायणी नदीशी निगडित अशा दोन कथा आपल्या हवाली केल्या आहेत. एकीत बुडविलेल्या अभंगांच्या वह्या पाण्यावर तरून येतात. दुसरीत, सावकारी करणाऱ्या घराण्यात जन्मलेले तुकोबा आपल्या वाट्याची कर्जखते स्वहस्ते त्याच नदीत सोडतात आणि कुळांना ऋणमुक्त करतात. पहिलीने आपल्या चित्रांना, नाटकांना व चित्रपटांना अपार सामग्री पुरविली. दुसरीच्या वाट्याला तेवढे भाग्य आले नाही. चमत्कार पाहून मन नम्र होते हे मला मान्य आहे, आणि त्या नम्रतेचे मोल मी थोडेही कमी लेखीत नाही; परंतु धनकोने आपणहून सोडलेला हक्क प्रेक्षकाला स्वतःच्या वहीखात्याकडे पाहावयास लावतो, आणि द्रष्ट्याचे अवतारकार्य नेमके तेथेच असते.

हे कार्य लोकरंजनाला पेलणार नाही, असे कोणी म्हणू नये. १९३५ साली व्ही. शांताराम यांनी बालगंधर्वांना एकनाथांच्या भूमिकेत उभे करून अस्पृश्यतेचा प्रश्न रजतपटावर मांडला, तेव्हा त्या चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नाव इंग्रजी अमदानीच्या परीनिरीक्षकांना मानवले नाही, आणि तो ‘धर्मात्मा’ या नावाने प्रकाशात आला. सोळाव्या शतकातील पैठणच्या एका सत्पुरुषाचे चरित्र विसाव्या शतकातील सरकारला वर्तमानाशी जोडलेले वाटावे, इतके सामर्थ्य त्या कलाकृतीत होते. दिग्दर्शक मुस्तफा अक्काद यांनी १९७६ सालच्या ‘द मेसेज’ या चित्रपटात पैगंबरांची आकृती न दाखविता त्यांची कथा सांगितली. त्यावरून श्रद्धेची मर्यादा आणि कलेचा आवेग एकत्र नांदू शकतात, हेही सिद्ध झाले.

म्हणून या परिषदेत सहभागी होणाऱ्या लेखक, नट, संगीतकार आणि नव्या माध्यमांतील तरुण कलावंतांपुढे यजमान या नात्याने मी एकच प्रस्ताव ठेवू इच्छितो : संतांची छबी घ्या, त्यांचे सूर घ्या, कालोचित साजही चढवा, परंतु ज्या वचनांनी त्यांच्या समकालीनांची झोप उडविली, ती वचने मूळ ग्रंथांशी रुजू घालून, त्यांची धार कायम राखून पुढे न्या. या कामी येथील मंथन उपयोगी पडावे, अशी माझी मनोमन इच्छा आहे. आमच्या सरबराईत काही न्यून आढळल्यास ते आपलेपणाने पदरात घ्यावे, ही विनंती करून मी आपणां सर्वांचे पुनश्च स्वागत करतो आणि अध्यक्षमहाराजांना परिषदेच्या कामकाजाची सूत्रे स्वीकारण्याची प्रार्थना करतो.