परतीची वाट ठेवून

(तोरणमाळ येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मला विषय दिलाय तो असा : रोजच्या जगण्यातला बदल माणूस कसा पचवतो आणि कसा अडवतो. हा विषय शहरात दिला असता तर मी मानसशास्त्राची दोन पुस्तकं घेऊन आलो असतो. पण साडेअकराशे मीटरवर, यशवंत तलावाच्या काठी बोलायचं तर उदाहरणं इथलीच हवीत. ती इतकी आहेत की कुठली सोडायची हाच प्रश्न होता.

आधी एक समजूत बाजूला करू. सरकारी कचेरीत, शहरातल्या दिवाणखान्यात आणि कधीकधी आपल्याच तालुक्याच्या चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "हे लोक बदलायलाच तयार नाहीत." हे लोक म्हणजे पावरा, भिल्ल, एकूण डोंगरातला माणूस. आता पुण्याकडे बघा. तिथं हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की मोर्चे निघतात आणि वर्तमानपत्रांचे रकाने पत्रांनी भरतात. डोकं स्वतःचं, फायदा स्वतःचा, तरी विरोध. मात्र पुण्यातल्या माणसाला कुणी मागास म्हणत नाही, त्याला जागरूक नागरिक म्हणतात. १८९७ साली प्लेग आला तेव्हाही हेच झालं. प्लेग थांबायला नको होता असं पुण्यात कुणालाच वाटत नव्हतं. लोक चिडले ते गोरे शिपाई घरात घुसतात, देवघरापर्यंत जातात, बायकामाणसांची तपासणी करतात म्हणून. प्लेगचा अधिकारी रँड याचा खून झाला त्याच्या मागे ही चीड होती. अडवणूक आजार हटवण्याला नव्हती, ती कुणाच्या हातून आणि कुठल्या रीतीनं याला होती.

हा धागा धरून सातपुड्यात उतरू, आणि सुरुवात दारूपासून करू.

मोहाची दारू इथं देवापुढेही लागते, जन्मालाही आणि मरणालाही. १८७८ च्या अबकारी कायद्यानं मुंबई इलाख्यात घरच्या गाळपावर टाच आणली. दारू ठेकेदाराच्या दुकानातून घ्यायची, कर सरकारला द्यायचा. लोकांनी काय केलं? चोरून गाळली. पुढे स्वातंत्र्य आलं, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, आता प्यायचीच नाही असं ठरलं. लोकांनी पुन्हा चोरूनच गाळली. दोन सरकारं, दोन उलट हेतू, आणि पाड्यावरचं उत्तर एकच.

याच दोन कायद्यांच्या मधल्या काळात एक वेगळीच गोष्ट घडली. १९२२ च्या अखेरीस एका देवीचं वारं ठाण्याच्या किनाऱ्याकडून निघून नाशिक-डांगच्या डोंगरांतून दक्षिण गुजरातेत पोचलं. देवी अंगात यायची आणि सांगायची : दारू सोडा, रोज अंघोळ करा, दारूवाल्याचं काम करू नका. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं या चळवळीवर अख्खं पुस्तक लिहिलंय. त्यानंतर पंधराएक वर्षांनी आपल्या तळोदा तालुक्यात मोरवडला गुला महाराजांनी आरती सुरू केली. दारू सोडा, भांडू नका, एकमेकांना 'आप' म्हणा. ज्या माणसाला तोवर सावकार आणि पाटील अरेतुरे करत होते, त्याला त्याचाच भाऊ 'आप' म्हणू लागला. आरतीला माणसांचे लोंढे लोटले. गुला महाराज १९३८ मध्येच गेले, त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे चालवलं, आणि 'आप की जय' आजही या पट्ट्यात ऐकू येतं.

मग १९७२. दुष्काळाचं वर्ष. शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेनं जमिनीचा आणि मजुरीचा लढा उभा केला होता. सभांना बायका यायला लागल्या, आणि त्यांनी आपला विषय स्वतःच काढला. जमीन मिळेल तेव्हा मिळेल, आज रात्री नवरा पिऊन मारतो त्याचं काय? घोळक्यानं निघाल्या आणि गावोगावच्या हातभट्ट्यांवर जाऊन मडकी फोडली. मारकुट्या नवऱ्यांना चारचौघांत माफी मागायला लावली. त्यांच्याकडे ना पोलीस होते ना कायद्याची प्रत. माझं मत विचाराल तर या जिल्ह्यातली सगळ्यात परिणामकारक दारूबंदी ती होती. ती कायम टिकली नाही हेही खरं. पण १९४९ च्या कायद्याला जे कधीच जमलं नाही ते त्या बायकांनी काही काळ करून दाखवलं.

म्हणजे बदल तोच, दारू सोडण्याचा. कायद्यानं सांगितलं तेव्हा लोकांनी तो चुकवला. देवीनं, भगतानं, शेजारणीनं सांगितलं तेव्हा घेतला. सांगणारा आपल्यातला होता, हे एक कारण झालं. मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. आरतीला गेलेला माणूस दोन महिन्यांनी पुन्हा प्यायला तरी त्याची जमीन जात नव्हती, तुरुंग लागत नव्हता. त्याला चुकायला आणि परत यायला जागा होती. बदलाला माणूस अडतो तो बहुतेक वेळा परतीची वाट बंद होते तिथं. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे.

हे नीट दिसतं ते बियाण्यात. संकरित मका डोंगरात आला, त्याला आता बराच काळ झाला. धडगावच्या बाजारात विकायला लोक तो लावतात, खत घालतात, पैसे मोजून घेतात. पण बऱ्याच घरांत आढ्याकडे मान वर करून बघा. चुलीच्या धुरात काळपटलेल्या वाशाला कणसं सालीसकट एकमेकांना गाठ मारून टांगलेली दिसतील. पांढरी, पिवळी, लाल, एखादं जांभळट दाण्यांचं. तो घरचा मका. धुरामुळे त्याला कीड लागत नाही. भाकरी त्याची, पेरणीचं बी त्याचं. उताराच्या एखाद्या तुकड्यावर मोर, भादी, बर्टी ही बारीक धान्यं अजून पेरली जातात. बाएफ संस्थेनं धडगाव भागात लोकांसोबत या वाणांच्या बियाणे बँका उभ्या केल्या, कारण वाण आधीच लोकांच्या घरात होते. कंपनीचं पीक बुडालं तर पुढच्या मृगाला पेरायला वर टांगलेलं आहेच.

आता कुणी म्हणेल, हा अर्धवट स्वीकार झाला. तसं असेल तर अमेरिकेतला शेतकरीही अर्धवटच होता. १९४३ साली रायन आणि ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी आयोवा राज्यातल्या दोन वस्त्यांमधल्या २५९ शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विषय हाच, संकरित मका. उत्पन्न जास्त, दुष्काळात टिकाव जास्त, विक्रेते दारात. तरी पहिल्या वर्षी बहुतेकांनी शेताचा एक कोपराच दिला. नव्या बियाण्याबद्दल पहिल्यांदा ऐकल्यापासून ते स्वीकारायला सरासरी नऊ वर्षं लागली. अखेरीस दोघे सोडून सगळ्यांनी ते घेतलं. ही माणसं शिकलेली होती, ट्रॅक्टरवाली होती. त्यांच्या नऊ वर्षांना शास्त्रज्ञ निर्णयाचा काळ म्हणतात. आपल्याकडे दुसऱ्याच हंगामात कृषी खात्याचा माणूस वहीत लिहितो : प्रतिसाद नाही.

दवाखान्याचंही तसंच. झापी, सिंदीदिगर या बाजूंच्या पाड्यांवरून बाईला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून चार खांद्यांवरून आणतात. वर्तमानपत्रांनी त्याला 'बांबूलन्स' असं नाव दिलं. नाव गंमतीचं, पण ज्यानं खांदा दिलाय त्याला हसू येत नाही. तरी अनेक बायका बाळंतपणाला दवाखान्यात यायला राजी नव्हत्या, आणि लगेच शिक्का बसला : अंधश्रद्धा. जरा विचारा, दवाखान्यात गेल्यावर घरी उरलेल्या दोन पोरांना कोण बघणार? सोबतच्या सासूला भाकर कोण देणार? बुडलेल्या मजुरीचं काय? राज्यात २०१० नंतर 'माहेरघर' योजना आली. आरोग्य केंद्राशेजारी खोली, बाईनं दिवस भरण्याआधी तिथं यायचं, सोबत लहान पोर आणि घरचं माणूस आणायचं, बुडीत मजुरीपोटी काही रक्कम. जिथं ही खोली खरंच उघडी असते आणि चूल पेटलेली असते, तिथं बायका येतात. कुलूप असेल तर येत नाहीत. एवढं साधं उत्तर शोधायला आपल्याला किती वर्षं लागली बघा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना बांधण्याआधी लोकांना विचारलं होतं. लोकांनी सांगितलं, मोठ्या इमारतीची भीती वाटते. म्हणून शोधग्रामचा दवाखाना गोंड वस्तीसारखा, झोपड्या-झोपड्यांचा झाला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं.

आता नर्मदेकडे वळतो. त्याशिवाय या तालुक्यात बदलावर बोलणं म्हणजे होळीवर बोलून ढोल विसरणं.

१९७९ साली नर्मदा लवादाचा निवाडा आला. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं. मणिबेली, चिमलखेडी, निमगव्हाण. मेधा पाटकर आणि नर्मदा बचाओ आंदोलन, १९९१ नंतर मणिबेलीत पाणी घरात शिरेपर्यंत बसून राहिलेली माणसं, धरणाची तपासणी करणाऱ्या मोर्स समितीचा १९९२ चा अहवाल, १९९३ मध्ये कर्जातून बाहेर पडलेली जागतिक बँक. हा इतिहास तुमच्यापैकी काहींनी अंगावर झेललाय, मी तो सांगणं शोभणार नाही. मला त्यातली एकच गोष्ट दाखवायची आहे.

धरणाला 'नाही' म्हणणाऱ्या याच गावांत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा सुरू झाल्या. बोली घरची, शिक्षक जवळचे, आणि घोषणा 'लढाई पढाई साथ साथ'. बदल नको असलेली माणसं शाळा काढतात का? त्यांनी स्वतः कूड उभे केले, कौलं चढवली, पाणी वाढलं तशी शाळा वर सरकवली. शाळा हा काही लहान बदल नाही. पोरगं गुरांमागून उठून पाटीसमोर बसणं म्हणजे घराचं सगळं वेळापत्रक बदलणं. पण शाळा नाही चालली तर पोरगं परत गुरांमागे जाऊ शकत होतं. बुडालेलं शेत वर येत नाही.

पुनर्वसनासाठी तळोद्याच्या जंगलातली ४,२०० हेक्टर जमीन मोकळी करण्यात आली. सोमावलसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. लोकांनी घरं उकलून सागाचे खांब, वासे, कौलं सोबत नेली. डोंगरात प्रत्येकाचं घर आपल्या शेतात, शेजारी हाकेच्या अंतरावर. वसाहतीत घरं ओळीनं, आखलेल्या प्लॉटवर. कागदावर दोन हेक्टर जमीन मिळाली तरी सरपण, मोह, चारा, नदीचा मासा हे कागदावर नव्हतंच, म्हणून मोजलंही गेलं नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तिथं झाली, आणि ती धरणाच्या उंचीपेक्षा कमी गंभीर नाही.

आणि तरीही माणसं बदलतातच, आपल्या मर्जीनं आणि वाटेल तितकी. याच जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. आज पाड्यावरचा प्रत्येक माणूस आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो. रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही, रेंज नसते, हेलपाटे होतात. तो शिव्या घालतो, पण कार्ड टाकत नाही. होळीला बघा. भोंगऱ्याचा बाजार भरतो, होळीच्या नाचात बुध्या होणारा तरुण कमरेला घुंगरं आणि दुधी बांधतो, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवतो, अंगावर पांढरे ठिपके काढतो, पाळणी पाळतो, आणि डोळ्यांवर काळा गॉगल लावतो. बाहेरच्या फोटोवाल्यांना तो गॉगल खटकतो, काढायला सांगतात. तो काढत नाही, आणि मला त्याचं बरोबर वाटतं. संस्कृती कुणाची, त्याची की फोटोवाल्याची?

शेवटी एक मागणं, आणि ते इथं बसलेल्या अधिकाऱ्यांकडे आणि पुढाऱ्यांकडे आहे. तोरणमाळच्या पर्यटनाच्या योजना येतात, रस्त्यांचे आराखडे येतात, आणखी येतील. आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आहे, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे, आणि त्या नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा घेता येते. ती ग्रामसभा आराखडा छापून झाल्यावर सह्या घ्यायला नको, छापण्याआधी घ्या. धडगावला नको, पाड्यावर घ्या. पावरीत आणि भिलीत बोला. आणि तारीख धरताना एवढं बघा की दिवाळीनंतर निम्मा पाडा गुजरातेत ऊसतोडीला गेलेला असतो. तो होळीला घरी येतो. ग्रामसभा तेव्हा ठेवा.