शेअर घेण्याआधी माणसं पाहा

चिमूरला बसूनही आता मोबाइलवरून शेअर घेता येतात. भाव क्षणाक्षणाला दिसतो. कंपनी चालवणारी माणसं कशी आहेत, हे मात्र शोधावं लागतं.

पुण्याचं उदाहरण घेऊ. शिफारस म्हणून नाही, समजून घ्यायला. आनंद देशपांडे यांनी 1990 मध्ये पर्सिस्टंट सिस्टम्स ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली. 2010 मध्ये ती शेअर बाजारात आली, तेव्हा वर्षाचं उत्पन्न सुमारे 600 कोटी रुपये होतं. 2024-25 मध्ये ते 11,900 कोटींच्या पुढे गेलं. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. संस्थापकांनी रोजचा कारभार दुसऱ्यांच्या हाती दिला, 2020 मध्ये संदीप कालरा मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, आणि वाढ थांबली नाही.

सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचं उलट झालं. जानेवारी 2009 मध्ये तिचे संस्थापक रामलिंग राजू यांनीच कबूल केलं, की हिशेबात दाखवलेली सुमारे 5,000 कोटींची शिल्लक खोटी होती.

म्हणून नफ्याशेजारी रोख आवक पाहा. धान विकला, पण चुकारा आला नाही, तर घर कसं चालणार? कंपनीचंही तसंच. नफ्यापेक्षा ग्राहकांकडची उधारी वेगानं वाढत असेल, तर थांबा. बहुतेक काम एकाच ग्राहकाचं आहे का, प्रवर्तकांचे शेअर गहाण आहेत का, हेही तपासा.

वार्षिक अहवाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. पुढचा शेअर घेण्याआधी मागच्या पाच वर्षांचे अहवाल नक्की वाचा.